काकूंचा लाल शेरा

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या त्या घरात राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मी पिझ्झा गरम करायला ओव्हन उघडला, तर आत ट्रेमध्ये स्क्रू मांडून ठेवलेले. लहानमोठे पंचवीस-तीस असतील, एका रांगेत, धुऊन वाळत घातल्यासारखे. घरमालकीणबाई मागून आल्या, ट्रेकडे एक नजर टाकली आणि शांतपणे विचारलं, "रांग मोडली नाहीस ना? मग ठीक आहे. पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये कर."

मी नुकतीच नागपूरहून शिकागोमार्गे मिशिगनला आले होते, गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. हे २००६ सालचं. ऑफिसातल्या एका मराठी मुलीने या घराचा पत्ता दिला होता आणि वर सांगितलं होतं, की काकू चांगल्या आहेत, फक्त जरा वेगळ्या आहेत. ओव्हन बंद करताना मला वाटलं, 'जरा' हा शब्द तिने उगाच घातला.

काकू साठीच्या उंबरठ्यावर होत्या. मूळच्या इचलकरंजीच्या. वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे आणि ही मुलगी लहानपणापासून त्यांच्या पिशवीतली हत्यारं ओळखायची. त्या भागातल्या पुष्कळ बायका बोलतात तशा त्या 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलायच्या. पस्तीस वर्षं अमेरिकेत काढूनही ते सुटलं नव्हतं. घरात वावरताना काकांचा जुना निळा वर्कशॉपचा कोट घालायच्या, त्याच्या खिशात कायम एक स्क्रूड्रायव्हर आणि एक सुपारीची डबी. डबीत सुपारी नसायची, सुया असायच्या.

इंग्रजी त्या शिवणाच्या मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांतून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांची वाक्यंही तशीच निघत. एकदा माझी गाडी बर्फात अडकली आणि मी ॲक्सिलरेटर दाबत बसले, तर त्या दारातून ओरडल्या, "डू नॉट फोर्स!" बरणीचं झाकण, अवघड माणसं, पोरांचा अभ्यास, सगळ्याला त्यांचं हेच उत्तर होतं. काका ब्रेकच्या कंपनीत इंजिनिअर होते. फार कमी बोलायचे. घरात एकदा कुणीतरी विचारलं, काकू इतक्या बोलतात, तुम्ही का बोलत नाही? तर म्हणाले, "मी ब्रेकमध्ये काम करतो."

माझी खोली वर होती. खाली बेसमेंटमध्ये चादरी घातलेलं काहीतरी ओळीने उभं होतं. मला आधी वाटलं जुनं फर्निचर असेल. एका रविवारी कपडे धुवायला खाली गेले आणि एक चादर बाजूला केली, तर खाली काळंभोर लोखंडी शिवणाचं मशीन, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. अशी अकरा होती. काकूंनी ती गराज सेलमधून एकेक करून गोळा केली होती. लोक बेसमेंट रिकामं करताना आजीचं मशीन अंगणात काढायचे आणि काकू ते उचलून आणायच्या, पूर्ण खोलून, धुऊन, तेल देऊन परत जोडायच्या. ओव्हनमधले स्क्रू असेच एका मशीनचे होते.

मी विचारलं, एवढी मशीनं ठेवून काय करणार? तुम्ही ती विकत का नाही? काकूंनी चादर परत ओढली आणि म्हणाल्या, पूर्वी विकत होतो. बस्स. 

त्या काळात लिलावाची एक वेबसाइट फार चालायची. आपली वस्तू फोटो काढून तिथे मांडायची, लोक बोली लावायचे, आणि व्यवहार झाला की घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांबद्दल एक ओळ लिहायची. चांगलं लिहिलं तर हिरवं चिन्ह, वाईट लिहिलं तर लाल. माणूस ओळखीचा नाही, वस्तू हातात नाही, त्यामुळे घेणारा आधी त्या ओळी वाचायचा. मी स्वतः तिथून पुस्तकं घ्यायचे. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर सहज काकूंना विचारलं, तुमचं नाव काय होतं तिथे? त्यांनी सांगितलं. पान उघडलं. ऐंशीच्या वर हिरव्या ओळी होत्या. पण सगळ्यात वर, सगळ्यात शेवटी आलेली म्हणून सगळ्यात वर, एक लाल. २००३ सालची. टेक्सासमधल्या कुणीतरी लिहिलेली: विकणारी बाई अप्रामाणिक आहे, तडा रंगाने झाकला.

काकू चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. म्हणाल्या, "अजून आहे होय ते." आणि वर न बघता भांडी घासायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी ऑफिसला निघाले होते, बूट घालत होते. त्या समोरच्या पायरीवर बसल्या. ते मशीन त्यांच्याकडे आलेल्या सगळ्या मशीनांत देखणं होतं. पण बुडाला एक तडा होता, केसासारखा. शिवणाला काही फरक पडत नव्हता. त्यांनी तो भरला, वर काळा रंग दिला, आणि वर्णनात काही लिहिलं नाही. मनात आलं, चालतंय तर सांगायचं कशाला. त्या माणसाने पुसायला घेतलं आणि रंग सुटला. काकूंनी मशीन परत घेतलं, माफी मागितली, पण ओळ तशीच राहिली. त्यानंतर त्यांनी एकही मशीन विकलं नाही.

मी समजूत घालायला म्हटलं, की एका माणसाने रागात लिहिलं, एवढं काय मनावर घ्यायचं. त्यावर त्या म्हणाल्या, "रागात लिहिलं असतं तर मी कधीच विसरून गेलो असतो. त्यानं खरं लिहिलंय."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी त्या गराज सेलला गेल्या नाहीत. खाली जाऊन अकराही चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि मला हाक मारली. म्हणाल्या, परत सुरू करतो. मी उत्साहाने सांगितलं, की नवीन खातं काढू, नवीन नाव घेऊ, कुणाला काही कळणार नाही. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून कुणाच्या देवघरात बूट घालून गेले आहे.

त्यांनी जुनंच नाव ठेवलं. त्या साइटवर आपल्याबद्दलच्या शेऱ्याखाली उत्तर लिहिता यायचं. तीन वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा ते लिहिलं. मी वेगवेगळी वाक्यं सुचवत होते, गैरसमज वगैरे. त्यांनी ती ऐकली आणि स्वतःच्या दोन बोटांनी टाइप केलं: बायर इज करेक्ट. तेवढंच.

मग मशीनांची वर्णनं. इथे आमची रोज खडाजंगी व्हायची. काकूंच्या वर्णनाची सुरुवातच मशीनच्या दोषांनी व्हायची. हातचाकावर गंज आहे. पेटीची कडी तुटली आहे. मोटार चालताना गुणगुणते, त्रास देत नाही पण गुणगुणते. मी म्हणायचे, काकू, आधी चांगलं लिहा, लोक वरचंच वाचतात. त्या म्हणायच्या, चांगलं फोटोत दिसतंय की, जे दिसत नाही ते लिहायचं. पहिले दोन महिने एकही बोली आली नाही. लोक पान उघडत, वर लाल ओळ बघत, खाली दोषांची यादी बघत आणि निघून जात. काका एकदा जेवताना म्हणाले, सोड आता, छंद म्हणून कर. काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

या दोन महिन्यांत त्यांनी पॅकिंग शिकून घेतलं. लोखंडाचं मशीन खोक्यात हललं की स्वतःच्या वजनाने मोडतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, की टीव्हीचं, कॉम्प्युटरचं खोकं टाकू नका, मला आणून द्या. काही बायका मागे हसायच्या. एका रविवारी त्यांनी मोडीत निघालेलं एक मशीन खोक्यात बांधलं आणि बेसमेंटच्या जिन्यावरून खाली सोडून दिलं. तेरा पायऱ्या. आवाज ऐकून काका धावत आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी खोकं उघडलं, आत हात घालून चाचपलं, आणि म्हणाले, की कोपऱ्याला फोम कमी पडला, शिवाय टेस्ट तीन वेळा करायची असते. त्या दिवसापासून काका आमच्यात सामील झाले.

पहिलं मशीन जानेवारीत गेलं. लहान मुलींसाठीचं, हाताने फिरवायचं. विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेच्या बाईंनी घेतलं. आठ दिवसांनी हिरवी ओळ आली: अगदी वर्णनाप्रमाणे, ओरखडासुद्धा. काकूंनी ती मला तीन वेळा वाचायला लावली. मग विचारलं, 'सुद्धा' म्हणजे कौतुक की तक्रार? मी म्हटलं, कौतुक. तरी त्यांनी संध्याकाळी काकांनाही विचारून खात्री केली.

फेब्रुवारीत एक जड मशीन ओहायोला गेलं, टोलेडोच्या खालच्या एका छोट्या गावात. पैसे आले त्याच दिवशी काकूंनी घेणाऱ्याच्या नावावर हिरवी ओळ लिहून टाकली. बाकीचे विकणारे आधी समोरच्याचं बघायचे आणि मग लिहायचे. काकूंचं म्हणणं, त्याने त्याचं काम केलं, मी थांबू कशाला. दहा दिवसांनी त्या माणसाचा मेल आला. मशीन टाके सोडतं, दोरा गुंततो, जाड कापडावर एक सरळ शिवण येत नाही. त्याला सोमवारी गिऱ्हाइकाला बोटीचं कव्हर द्यायचं होतं. त्याने लिहिलं होतं, तुझ्याबद्दल आधी कुणी काय लिहिलंय ते मी वाचलं होतं, तरी विश्वास ठेवला, ही माझीच चूक.

काकूंनी फोन लावला. मी शेजारी होते. तो परत पाठवायलाही तयार नव्हता, सोमवारपर्यंत वेळ नाही म्हणाला. काकू म्हणाल्या, "आय ॲम कमिंग." तो हसल्याचं मला पलीकडून ऐकू आलं. शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा बर्फ भुरभुरत होता.

काकू फ्रीवेवर गाडी चालवत नसत. कधीच नाही. फ्रीवेने हा रस्ता दीड तासाचा, आम्हाला जवळजवळ चार तास लागले. मी मांडीवर नकाशाचे छापलेले कागद घेऊन डावीकडे, उजवीकडे सांगत होते आणि त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून प्रत्येक लाल दिव्याला थांबत होत्या. मागच्या सीटवर दुसरं मशीन पट्ट्याने बांधलेलं होतं, वेळ पडली तर बदलून द्यायला. रस्ताभर त्यांनी एवढंच विचारलं, की आपण काय चुकलो असू. मोटार? की खालचा दोरा ओढणारं शटल? त्यांनी स्वतः जीनच्या चार घड्यांवर शिवून बघितलं होतं.

तो माणूस दारात उभा होता, हाताची घडी घालून. पन्नाशीचा, थोराड. निळा कोट घातलेली एक बुटकी बाई आणि मागे हातात कागद घेतलेली मी, आम्हाला बघून त्याची हाताची घडी सुटली. आम्हाला त्याने गराजमध्ये नेलं. बोलता बोलता कळलं, की हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा कारखान्यातला जॉब गेला होता. सत्तावीस वर्षांची नोकरी. जवळच्या तळ्यावर लोकांच्या बोटी होत्या, त्यांची कव्हरं शिवून द्यायची असं त्याने ठरवलं होतं आणि ही पहिली ऑर्डर होती. टेबलावर निळं कॅनव्हास पडलं होतं, मध्येच फाटलेलं, उसवलेलं, दोऱ्याच्या गुंत्यांनी भरलेलं.

काकूंनी चष्मा बदलला, स्टूल ओढलं आणि मशीनवर वाकल्या. दोन मिनिटंही गेली नसतील, त्यांची बोटं सुईपाशी थांबली. मलाही दिसलं. इतक्या महिन्यांत मीही थोडं शिकले होते. सुईची एक बाजू चपटी असते आणि ती ठरावीक बाजूलाच यावी लागते. याने ती उलटी घातली होती. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

मी वाट बघत होते, आता काकू सांगतील. चार तासांचा बर्फातला रस्ता, तो मेल, ते हसणं, सगळ्याचं उत्तर त्या दोन बोटांत होतं. काकूंनी सुई काढली, फिरवून घातली, कॅनव्हासचा एक तुकडा घेतला आणि पायाने पॅडल दाबलं. टाके एकाखाली एक सरळ पडत गेले.

तो माणूस जवळ आला. "काय झालं होतं?"

"सुई उलटी होती," काकू म्हणाल्या. त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला. तोवर काकूंचं पुढचं वाक्य आलं. "पण ती कुठल्या बाजूने घालायची हे मी लिहायला हवं होतं. प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. मी लिहिलं नाही. चूक माझी."

त्याने वाकून सुईकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, त्याच्या आईच्या मशीनमध्ये चपटी बाजू उजवीकडे असायची, तेवढंच त्याला माहीत होतं. काकूंनी मान हलवली, त्याला स्टुलावर बसवलं आणि सुई काढून परत घालायला सांगितलं. एकदा नाही, दहा वेळा. त्याची बोटं जाडजूड, सुई सारखी खाली पडायची. "डू नॉट फोर्स," काकू सांगत होत्या. सातव्या वेळी तो स्वतःच हसला. मग फाटलेला भाग कसा जोडायचा तेही काकूंनी दाखवलं आणि निम्मी शिवण स्वतः घालून दिली. निघताना तो गाडीपर्यंत आला, मशीन उत्तम आहे म्हणाला, साइटवर नक्की लिहीन म्हणाला.

घरी आल्यावर काकूंनी पहिलं काम हे केलं, की सुईची चपटी बाजू दाखवणारं चित्र काढलं आणि त्याच्या प्रती काढून आणल्या. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात तो कागद जायचा.

त्याची ओळ मात्र आली नाही. एक आठवडा, दोन, एक महिना. काकू रोज सकाळी चहाच्या आधी कॉम्प्युटर लावायच्या. मी म्हटलं, एक छोटा मेल टाकू का आठवणीचा? "नको," त्या म्हणाल्या. "मागून घेतलेल्या चांगल्या शब्दाला काय अर्थ आहे?" पण त्यानंतर कपाटाचं दार नेहमीपेक्षा जोरात लागलं. काकाही मला हळूच म्हणाले, की तो विषय काढू नकोस.

इतर मशीनं जात होती. हिरव्या ओळी येत होत्या, एकेक. मार्च-एप्रिलमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तीन खोकी ओहायोला गेली होती, आणि तिन्ही त्याच गावाच्या आसपास. कुणी पत्ता दिला असेल हे आम्ही बोललो नाही. लाल ओळ खाली सरकत सरकत पानाच्या तळाशी गेली, मग एक दिवस पुढच्या पानावर. मी काकूंना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, आहे तिथेच की, आणि पुढच्या मशीनचं बॉबिन शोधायला खाली गेल्या.

मे महिन्यात एक बाई स्वतः मशीन न्यायला आली. त्याच गावाची. खोक्यात मोडेल म्हणून गाडी घेऊन आली होती. काकूंनी तिला पोहे खायला घातले, सुई दहा वेळा घालायला लावली. ती हसत म्हणाली, मला आधीच सांगून ठेवलं होतं की हे होणार. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. काकूंनी बराच वेळ धीर धरला. शेवटी विचारलंच, की तो कसा आहे.

चांगला आहे, ती बाई म्हणाली. तळ्यावरच्या निम्म्या बोटींची कव्हरं त्याच्याकडेच आहेत. फेब्रुवारीत फार अडचणीत होता. पहिल्या ऑर्डरनंतर लगेच दुसरी आली, पण कॅनव्हास आणायला हाताशी काही नव्हतं, म्हणून त्याने घरातला कॉम्प्युटर विकून टाकला. आता जो भेटेल त्याला तोंडानेच सांगतो, मिशिगनहून बर्फात एक बाई आली होती म्हणून. तिला वाटलं, हे तुम्हाला माहीतच असेल.

ती गेल्यावर काकू स्वयंपाकघरात बसून राहिल्या. पोह्याच्या बश्या तशाच होत्या.  थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तीन महिने मी रोज सकाळी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो."

मग उठल्या. खाली जाऊन कॅनव्हासच्या जाड सुयांची तीन पाकिटं आणि चांगल्या दोऱ्याची दोन रिळं घेऊन आल्या, एक लहान खोकं काढलं, आणि टेबलाशी बसून एक चिठ्ठी लिहायला घेतली. अर्धा तास लागला. मला वाटलं, कामाबद्दल अभिनंदन वगैरे असेल. इंग्रजी बघून देऊ का म्हणून मी वाकले. त्यात लिहिलं होतं, की तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी तुमच्यावर रागावले होते, तुम्हाला वाईट माणूस समजले, त्याबद्दल माफ करा.

"काकू, अहो, त्याला यातलं काहीच माहीत नाही," मी म्हटलं. "कशाला सांगता?"

"त्याला माहीत नाही, म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी सुयांवर ठेवून मला टेप आणायला सांगितली.